संगणकाचा आवाज थेट श्रवणयंत्रात: जोडणीची सविस्तर पद्धत

श्रवणयंत्राच्या खोक्यावर ‘ब्लूटूथ’ असे छापलेले असते, लॅपटॉपच्या माहितीपत्रकातही तोच शब्द असतो, आणि तरीही लॅपटॉपच्या यादीत यंत्राचे नाव येत नाही, किंवा नाव येते पण आवाज येत नाही. माझ्या पहिल्या ब्लूटूथवाल्या यंत्रांच्या बाबतीत असेच घडले. विक्रेत्याने ‘ही कशालाही जोडता येतात’ असे सांगितले होते. फोनला ती लगेच जोडली गेली, पण लॅपटॉपपुढे दोन संध्याकाळी घालवल्यावर कळले की त्या दोघांची थेट जोडणी होणे शक्यच नव्हते. यंत्रे ठणठणीत होती आणि लॅपटॉपही ठणठणीत होता. फक्त दोघांची रेडिओची भाषा निराळी होती. त्यामुळे या लेखात सेटिंगकडे वळण्याआधी या भाषांची ओळख करून दिली आहे, कारण ती पायरी चुकली की पुढची सारी मेहनत वाया जाते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे घरचे विचारतात. लॅपटॉपच्या स्पीकरमधून निघालेला आवाज खोलीतून कानापर्यंत येताना पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न आणि भिंतींवरून परतलेला प्रतिध्वनी सोबत घेऊन येतो, आणि श्रवणयंत्राचा मायक्रोफोन हे सगळेच वाढवून देतो. आवाज रेडिओने थेट यंत्रात पोहोचला तर तो स्वच्छ पोहोचतो, आणि आपल्या श्रवणालेखानुसार ऑडिओलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने) कमी-जास्त केलेल्या स्वरपट्ट्यांतूनच कानात उतरतो. साधे हेडफोन यंत्रावर चढवून हे साधत नाही. शिवाय यंत्राला शिटी लागते ती वेगळीच.

यंत्राची भाषा ओळखणे

यंत्राच्या अंगावर, वॉरंटी कार्डावर किंवा फिटिंगच्या अहवालात मॉडेलचे पूर्ण नाव असते. ते लिहून घ्यावे आणि ऑडिओलॉजिस्टला नेमके विचारावे: हे यंत्र क्लासिक ब्लूटूथ चालवते का? ‘मेड फॉर आयफोन’ आहे का? आशा चालवते का? एलई ऑडिओ आजच चालू आहे, की पुढे अपडेटने येणार आहे? यंत्रात टेलिकॉइल (चुंबकीय क्षेत्रातून आवाज घेणारी बारीक कॉइल) आहे का, आणि असल्यास त्याचा प्रोग्रॅम चालू केलेला आहे का? या नावांचा अर्थ पुढे येतोच. नुसता ‘ब्लूटूथ आहे का’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ असेच येते.

या भाषा वेगवेगळ्या का झाल्या, त्याचे कारण बॅटरीत आहे. ३१२ आकाराची झिंक-एअर बॅटरी शर्टाच्या बटणापेक्षाही लहान असते. हेडफोनसाठी घडवलेले क्लासिक ब्लूटूथ तिच्यावर चालवायचे तर ती फार लवकर संपे. त्यामुळे ॲपलने २०१३ च्या सुमारास कमी वीज खाणारी स्वतःची पद्धत आणली, तीच ‘मेड फॉर आयफोन’. गूगलने २०१८ मध्ये अँड्रॉइडसाठी ‘आशा’ ही तशीच पद्धत जाहीर केली आणि ती अँड्रॉइड १० पासून फोनमध्ये आली. या दोन्ही पद्धती फोन डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या होत्या, आणि विंडोजला त्या दोन्ही मुळातून येत नाहीत. माझ्या त्या दोन संध्याकाळी इथेच वाया गेल्या.

श्रवणयंत्रे बनवणाऱ्या फोनॅक या कंपनीने दुसरी वाट धरली. कमी विजेवर क्लासिक ब्लूटूथ चालवणारी चिप तयार करून तिने २०१७ मध्ये ऑडेओ बी-डायरेक्ट आणि २०१८ मध्ये मार्व्हल ही यंत्रे आणली. मार्व्हलपासून दोन्ही कानांत स्टिरिओ आवाज येऊ लागला. अशी यंत्रे संगणकाला साध्या ब्लूटूथ हेडसेटसारखीच दिसतात, म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपलाही ती जोडता येतात. संगणकावर दिवसभर काम करणाऱ्याने यंत्र निवडताना या एका गोष्टीला बरेच वजन द्यावे, असे माझे मत आहे.

चौथी भाषा एलई ऑडिओ. ब्लूटूथच्या मानक संस्थेने ती जानेवारी २०२० मध्ये जाहीर केली आणि तिची सारी वैशिष्ट्ये २०२२ मध्ये पूर्ण झाली. तिच्यात श्रवणयंत्रांचा विचार पहिल्यापासून केलेला आहे, आवाज दाबण्यासाठी एलसी३ ही नवी पद्धत आहे, आणि एकाच ठिकाणाहून कितीही जणांना आवाज पाठवणारे ‘ऑराकास्ट’ हे प्रक्षेपणही आहे. पुढे सगळे याच दिशेने जाणार आहे, परंतु आज ती चालण्यासाठी यंत्र, संगणक आणि ड्रायव्हर (संगणकाचे भाग चालवणारे सॉफ्टवेअर) या तिन्हींचा मेळ बसावा लागतो.

क्लासिक ब्लूटूथ यंत्र विंडोजला जोडणे

सर्वांत आधी फोनचे ब्लूटूथ बंद करावे. यंत्र चालू होताच जुन्या ओळखीच्या फोनकडे धाव घेते आणि संगणकाच्या वाट्याला येत नाही. निम्म्या फसलेल्या जोडण्यांचे मूळ मला इथेच सापडले आहे. मग संगणकावर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ उघडून ‘ॲड डिव्हाइस’ आणि त्यापुढे ‘ब्लूटूथ’ निवडावे, म्हणजे शोध सुरू होतो. तो सुरू असतानाच यंत्रे बंद करून पुन्हा चालू करावीत: बॅटरीचे दार असेल तर ते उघडून पुन्हा मिटावे, आणि चार्ज होणारी यंत्रे असतील तर बटण दाबून धरून ती बंद-चालू करावीत. फोनॅकची यंत्रे चालू झाल्यापासून तीन मिनिटे जोडणीसाठी उपलब्ध राहतात. ती वेळ टळली की पुन्हा बंद-चालू करण्यावाचून उपाय नाही.

यादीत उजव्या किंवा डाव्या एकाच बाजूचे नाव दिसले तर गडबडून जाऊ नये. एका कानातले यंत्र संगणकाशी संपर्क ठेवते आणि दुसऱ्या कानातल्या यंत्राला स्वतःच आवाज पोहोचवते. नावावर क्लिक केल्यावर काही क्षणांत कानात जोडणीची धून ऐकू येते. त्यानंतर विंडोजची कळ, कंट्रोल आणि व्ही या तीन कळा एकत्र दाबाव्यात. विंडोज ११ मध्ये त्यामुळे आवाज कुठे पाठवायचा याची यादी उघडते आणि तिथून यंत्र निवडता येते. पहिल्यांदा आवाजाची पातळी वीस-पंचवीसवर ठेवून एखादे ओळखीचे बोलणे लावावे आणि मग हळूहळू वाढवावे.

एकाच कानात यंत्र असलेल्यांनी आणखी एक काम करायचे आहे. स्टिरिओ आवाजाचा निम्मा भाग दुसऱ्या कानासाठी असतो आणि तो यंत्राअभावी हरवू शकतो. चर्चेच्या चित्रफितीत एक वक्ता ऐकू यावा आणि दुसरा गायब व्हावा, असे त्यामुळे घडते. ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘ऑडिओ’ उघडून ‘मोनो ऑडिओ’ चालू केले की दोन्ही बाजू एकत्र होऊन येतात. मॅकवरही ॲक्सेसिबिलिटीच्या ऑडिओ विभागात हीच सोय आहे.

बैठक सुरू होताच आवाज का बिघडतो

गाणी सुरेख ऐकू येतात आणि ऑनलाइन बैठक सुरू झाली की तोच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. ही तक्रार मला सर्वांत जास्त वेळा ऐकायला मिळते, आणि अनेक जण यंत्र बिघडले असे समजून ते दुरुस्तीला नेतात. खरे कारण असे आहे की क्लासिक ब्लूटूथमध्ये आवाज नेण्याचे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग फक्त ऐकण्यासाठी असून तो स्टिरिओ आणि चांगल्या दर्जाचा असतो. दुसरा ‘हँड्स-फ्री’ मार्ग फोनवरच्या संभाषणासाठी असून त्यावरून आवाज जातोही आणि येतोही, पण तो मोनो असतो आणि त्याची रुंदी फार कमी असते. बैठकीच्या ॲपने यंत्राचा मायक्रोफोन मागितला की विंडोज पहिला मार्ग सोडून दुसरा धरते.

या दुसऱ्या मार्गाच्या जुन्या पद्धतीत आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० वेळा घेतले जातात, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचे काहीच पोहोचत नाही. नव्या पद्धतीत हे प्रमाण १६,००० असते आणि ८ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज येऊ शकतो. मराठी बोलण्यातल्या ‘स’चा जोर मुख्यतः ४ किलोहर्ट्झच्या वरच असतो. तो कापला गेला की ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक करणे कठीण होते. बैठकीत कुणी ‘साठ हजार’ म्हणत असेल तर हा फरक किती महागात पडेल याचा विचार करावा. ज्याला उंच स्वरच कमी ऐकू येतात त्याच्यासाठी हा तोटा आणखी मोठा आहे.

उपाय साधा आहे: ऐकायचे यंत्रातून आणि बोलायचे लॅपटॉपच्या मायक्रोफोनमध्ये. झूम, मीट, टीम्स या सगळ्यांच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘स्पीकर’ आणि ‘मायक्रोफोन’ असे दोन वेगळे पर्याय असतात. स्पीकरच्या जागी श्रवणयंत्र निवडावे आणि मायक्रोफोनच्या जागी लॅपटॉपचा अंगचा मायक्रोफोन किंवा एखादा यूएसबी मायक्रोफोन निवडावा. विंडोज १० मध्ये यंत्राची ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशी दोन नावे दिसतात, त्यांतले स्टिरिओ निवडावे. विंडोज ११ मध्ये बहुधा एकच नाव दिसते, त्यामुळे मायक्रोफोनची निवडच निर्णायक ठरते. समोरच्यालाही यात फायदाच होतो, कारण कानामागच्या मायक्रोफोनपेक्षा तोंडापुढच्या मायक्रोफोनमध्ये आपले बोलणे स्पष्ट जाते.

एखादे हट्टी ॲप तरीही यंत्राचा मायक्रोफोन धरून बसते. तेव्हा जुन्या कंट्रोल पॅनेलमधील ‘डिव्हायसेस अँड प्रिंटर्स’मध्ये जाऊन यंत्राच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘सर्व्हिसेस’ या पानावरची ‘हँड्स-फ्री टेलिफोनी’समोरची खूण काढून टाकावी. त्यानंतर संगणकाच्या दृष्टीने यंत्राला मायक्रोफोनच उरत नाही. हा बदल पुन्हा खूण करून कधीही मागे घेता येतो.

सूचनांचा छळ

संगणक जोडलेला असताना प्रत्येक ईमेलची ‘टिंग’ यंत्रात येते. ती आली की यंत्र समजते की थेट आवाजाचे प्रसारण सुरू झाले, लगेच स्वतःचे मायक्रोफोन मंद करते आणि पुन्हा मूळ स्थितीवर यायला काही सेकंद घेते. तेवढ्यात शेजारी बसलेला सहकारी काही बोलला तर ते हुकते. ऑफिसात काम करणाऱ्याला यातून फार मनस्ताप होतो. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टम’, मग ‘साउंड’, मग ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ उघडून ‘साउंड्स’च्या पानावर ‘नो साउंड्स’ ही योजना निवडावी आणि ब्राउझर व टीम्समधील सूचनांचे आवाज वेगळे बंद करावेत. फोनही त्याच यंत्रांना जोडलेला असेल तर त्याच्या सूचना ऐन बैठकीत आवाज पळवतात, म्हणून बैठकीपुरता फोन सायलेंट ठेवावा. पॅराडाइज या पिढीच्या आणि त्यानंतरच्या फोनॅक यंत्रांच्या स्मरणात आठ उपकरणे राहतात आणि त्यांतली दोन एकाच वेळी जोडलेली असू शकतात; तिसरे उपकरण जोडले जात नसेल तर आधीच्या एकाचे ब्लूटूथ बंद करून पाहावे.

एलई ऑडिओ आणि विंडोज ११

विंडोज ११ मध्ये एलई ऑडिओ २०२३ पासून आले आणि २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून श्रवणयंत्राचे प्रोग्रॅम बदलणे, आजूबाजूचा आवाज कमी-जास्त करणे या गोष्टी संगणकावरूनच करता येऊ लागल्या. आपला संगणक यासाठी पात्र आहे का, हे खरेदीआधीच पाहता येते. ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मध्ये ‘डिव्हायसेस’ उघडून खालच्या बाजूला ‘यूज एलई ऑडिओ व्हेन अव्हेलेबल’ हे बटण आहे का ते शोधावे. बटण असेल तर ते चालू करावे आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’मधील ‘हिअरिंग डिव्हायसेस’मधून यंत्रे जोडावीत. जोडल्यावर दोन्ही कानांत आवाज येतो आहे याची खात्री करून घ्यावी. बटण नसेल तर त्या संगणकात ही सोय नाही, आणि आहे त्या स्थितीत दुसरी कोणतीही सेटिंग ती आणून देणार नाही; फार तर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ब्लूटूथचा आणि ऑडिओचा नवा ड्रायव्हर घालून एकदा पाहावे.

इथे एक कळकळीची सूचना. ‘ब्लूटूथ ५.३’ असे लिहिलेला चारपाचशे रुपयांचा यूएसबी डोंगल (संगणकाच्या भोकात खोचायचा छोटा रेडिओ) घेऊन हा प्रश्न सुटेल अशी आशा धरू नये. एलई ऑडिओसाठी लागणारी क्षमता ५.२ च्या मानकात आली हे खरे असले, तरी ती देणे उत्पादकावर बंधनकारक नाही, आणि विंडोजमध्ये रेडिओ व ऑडिओ या दोन्ही ड्रायव्हरांची तिला साथ लागते. मोठा आकडा पाहून घेतलेले असे डोंगल अनेकांच्या खणात पडून आहेत. याला अपवाद असतो तो स्वतःच साउंड कार्ड म्हणून काम करणाऱ्या आणि स्वतःच एलई ऑडिओ किंवा ऑराकास्टने आवाज पाठवणाऱ्या यूएसबी उपकरणांचा, कारण ती विंडोजच्या ब्लूटूथवर अवलंबून राहत नाहीत. तसे उपकरण घ्यायचे असेल तर आपल्या यंत्राच्या मॉडेलसाठी ते चालते असे लेखी मिळाल्यावरच घ्यावे.

एलई ऑडिओचा मोठा फायदा बैठकीत दिसतो, कारण मायक्रोफोन चालू असतानाही आवाज डब्यातल्यासारखा होत नाही. २०२५ मधील विंडोजच्या सुधारणेनंतर योग्य ड्रायव्हर असलेल्या संगणकावर बैठकीतही ३२ किलोहर्ट्झचा स्टिरिओ आवाज मिळू शकतो. ‘साठ’ आणि ‘आठ’ची अडचण तिथे बरीचशी दूर होते.

मॅक

‘मेड फॉर आयफोन’ यंत्रे कित्येक वर्षे फक्त आयफोन आणि आयपॅडपुरती मर्यादित होती. २०२३ च्या मॅकओएस सोनोमापासून ती मॅकलाही थेट जोडता येऊ लागली, मात्र त्यासाठी एम२ किंवा त्यापुढची चिप असलेला मॅक लागतो. एम१ पिढीपैकी मात्र १४ व १६ इंची मॅकबुक प्रो आणि मॅक स्टुडिओ अशी काही मॉडेलेच यात बसतात. ‘सिस्टम सेटिंग्ज’मध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि त्यात ‘हिअरिंग डिव्हायसेस’ उघडावे, यंत्रे बंद-चालू करावीत आणि नाव दिसताच ‘कनेक्ट’ म्हणावे. क्लासिक ब्लूटूथची यंत्रे मात्र नेहमीच्या ब्लूटूथच्या पानावरूनच जोडायची असतात. तिथेही मायक्रोफोन म्हणून मॅकचा अंगचाच निवडावा.

भाषा जुळत नसेल तर मधले उपकरण

जुना विंडोज लॅपटॉप आणि फक्त आयफोन किंवा अँड्रॉइडची भाषा बोलणारी यंत्रे ही जोडी आपल्याकडे अगदी नेहमीची आहे. अशा वेळी नवा लॅपटॉप घेण्याआधी यंत्राच्या कंपनीचे मधले उपकरण पाहावे. ते एका बाजूने संगणकाकडून आवाज घेते आणि दुसऱ्या बाजूने कंपनीच्या स्वतःच्या रेडिओ भाषेत यंत्रांना देते. हे उपकरण त्याच कंपनीचे आणि त्याच पिढीच्या यंत्रांसाठीचे असावे लागते. एका कंपनीचे दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला सहसा चालत नाही.

यांतला पहिला प्रकार गळ्यात किंवा कपड्याला अडकवायच्या उपकरणाचा. ओटिकॉनचे कनेक्टक्लिप, रिसाउंडचे फोन क्लिप, सिग्नियाचे स्ट्रीमलाइन माइक ही त्याची उदाहरणे. ती संगणकाला ब्लूटूथ हेडसेटसारखी जोडली जातात, त्यामुळे वर सांगितलेली मायक्रोफोनची काळजी इथेही घ्यावीच.

दुसरा प्रकार टीव्ही स्ट्रीमरचा, आणि घरी एका ठिकाणी बसून काम करणाऱ्यासाठी मी हाच सुचवतो. नाव टीव्हीचे असले तरी त्याला आवाज कुठून येतो याच्याशी देणेघेणे नसते. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून ३.५ मिलिमीटरची साधी स्टिरिओ वायर स्ट्रीमरला जोडावी, स्ट्रीमरला वीज द्यावी आणि यंत्रांशी त्याची एकदाच जोडणी करावी. यात संगणकाला ब्लूटूथची गरजच पडत नाही, म्हणून ड्रायव्हर, आवृत्ती आणि अपडेट यांचे सारे प्रश्न संपतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर ब्लूटूथ बंद ठेवलेले असेल तरी ही वाट खुली राहते. आणखी एक लाभ विलंबाचा आहे. साध्या ब्लूटूथने आवाज चित्राच्या मागे पडतो आणि अनेकदा २०० मिलिसेकंदांच्या आसपास उशिरा येतो. बोलणाऱ्याच्या ओठांच्या आधाराने समजून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना ते फार त्रासदायक होते. स्ट्रीमरच्या खास रेडिओत हा विलंब सहसा जाणवत नाही.

वायर जोडल्यावर विंडोजची पातळी सत्तर-ऐंशीवर ठेवावी आणि कमी-जास्त यंत्रावरून करावे. उगमापाशीच आवाज फार बारीक ठेवला तर त्यासोबत खरखरही मोठी होऊन येते. लॅपटॉप चार्जरवर असताना गुणगुण ऐकू येत असेल तर क्षणभर चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगचा आहे, आणि संगणकाला ऑप्टिकल ध्वनीचे भोक असेल तर ऑप्टिकल वायर वापरून तो टळतो, कारण त्या वायरीतून वीज वाहतच नाही. हेडफोनच्या भोकात वायर घातली की लॅपटॉपचा स्पीकर बंद होतो, म्हणून घरच्यांसोबत चित्रपट पाहायचा असेल तर एकाची दोन भोके करणारा जोड वापरून दुसऱ्या बाजूला स्पीकर लावावा.

तिसरा प्रकार वायरची सोय असलेल्या दूरस्थ मायक्रोफोनचा. रिसाउंडचा मल्टी माइक आणि कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले यंत्र) वापरणाऱ्यांसाठीचा कॉक्लिअर कंपनीचा मिनी मायक्रोफोन २+ यांना वायरने संगणक जोडता येतो. वर्गात शिक्षकाच्या गळ्यात घालण्यासाठी घेतलेला मायक्रोफोन घरी मुलाच्या ऑनलाइन तासालाही उपयोगी पडतो, हे अनेक पालकांना कुणी सांगितलेले नसते. ही वायर अनेकदा खोक्यातच असते. ती न उघडलेल्या पिशवीत राहून जाते.

टेलिकॉइल: जुने, स्वस्त, भरवशाचे

यंत्रात टेलिकॉइल असेल तर गळ्यात घालायचा लूप हेडफोनच्या भोकात लावून आवाज मिळतो. लूपमधून जाणारा विद्युतप्रवाह चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि यंत्रातली बारीकशी कॉइल त्याचे पुन्हा आवाजात रूपांतर करते. यात जोडणी नाही, पासकोड नाही, कंपनीचे बंधन नाही. कोणत्याही कंपनीच्या, कितीही जुन्या यंत्राला हा लूप चालतो, फक्त ऑडिओलॉजिस्टकडून ‘टी’चा प्रोग्रॅम चालू करून घ्यावा लागतो. चार्जर, ट्यूबलाइटचा चोक किंवा विजेची वायर जवळ असेल तर ५० हर्ट्झची घुंई ऐकू येते. खुर्ची थोडी हलवली किंवा मान वळवली तरी ती बरीच कमी होते. नव्या लहान यंत्रांतून टेलिकॉइल वगळली जात आहे याचे मला वाईट वाटते. निवड करायची वेळ आली तर आकार किंचित मोठा चालेल पण टेलिकॉइल असू द्या, असे मी प्रत्येकाला सांगतो.

पैसे न खर्च करता करायचा उपाय

यंत्र फोनला उत्तम जोडले जाते पण संगणकाला नाही, आणि बैठक तासाभरावर आली आहे. अशा वेळी त्याच बैठकीत दोन्हीकडून सामील व्हावे: आवाज आणि बोलणे फोनवरून, चित्र आणि सादरीकरण संगणकावर. मीटमध्ये यासाठी ‘कंपॅनियन मोड’ आहे, त्यात संगणकाचा स्पीकर आणि मायक्रोफोन आपोआप बंद राहतात. झूममध्ये संगणकावर सामील होताना ऑडिओ जोडूच नये. दोन्हीकडचा आवाज चालू राहिला तर सर्वांना प्रतिध्वनी ऐकू येतो, एवढेच पथ्य पाळावे. संगणकावर मथळे (बोलणे लिहून दाखवणाऱ्या ओळी) चालू ठेवण्याची सोयही यात राहते. विंडोज ११ मध्ये विंडोजची कळ, कंट्रोल आणि एल एकत्र दाबले की संगणकावर वाजणाऱ्या बोलण्याचे तत्काळ मथळे पडद्यावर येतात, मात्र आवाज फोनवर असताना ते चालणार नाहीत, म्हणून तेव्हा बैठकीच्या ॲपमधलेच मथळे वापरावेत.

आवाज पोहोचला, पण समाधान नाही

संगीत पोकळ वाटते, तबल्याचा बायाँ ऐकूच येत नाही, अशी तक्रार असेल तर कानातली रबरी टोपी पाहावी. उघड्या टोपीच्या छिद्रांतून खालचे स्वर बाहेर निसटतात. रोजच्या वापरात ते सुखाचे असते, कारण खालचे स्वर कान स्वतःच ऐकतो, पण प्रसारणात ते आतही येत नाहीत आणि टिकतही नाहीत. बंद टोपीने किंवा साच्याने यात फरक पडतो, परंतु स्वतःचा आवाज कानात घुमण्याची शक्यता वाढते. हा बदल ऑडिओलॉजिस्टशी बोलूनच करावा. प्रसारणाच्या प्रोग्रॅममध्ये खालचे स्वर वेगळे वाढवून घेता येतात, हे फार थोड्यांना माहीत असते. पुढच्या भेटीला लॅपटॉप सोबत नेऊन त्याच्याच आवाजावर हा प्रोग्रॅम बसवून घ्यावा.

आजूबाजूचा आवाज किती मिसळावा हे यंत्राच्या फोन ॲपमधून ठरवता येते. बैठकीत तो जवळजवळ बंद ठेवणे सोयीचे असते. घरी एकटे असताना मात्र थोडा चालू ठेवावा, कारण दाराची घंटा आणि कुकरची शिट्टीही आपल्याला ऐकू यायला हवी. प्रसारणामुळे बॅटरी नेहमीपेक्षा लवकर संपते, तेव्हा दिवसभर बैठका असतील तर झिंक-एअरवाल्यांनी सुटे सेल खिशात ठेवावेत आणि चार्जिंगवाल्यांनी जेवणाच्या सुटीत यंत्रे अर्धा तास डबीत ठेवावीत.

आवाज तुटत असेल तर

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, आणि हा रेडिओ शरीरातल्या पाण्यात शोषला जातो. डेस्कटॉप टेबलाखाली उजव्या पायाशी आणि संपर्क ठेवणारे यंत्र डाव्या कानात असेल तर मध्ये आपण स्वतःच आडवे येतो. जोडून घेतलेल्या डेस्कटॉपच्या मागे वाय-फायच्या अँटेना फिरकीने लावायच्या असतात. कित्येक घरांत त्या खोक्यातच राहिलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि लोखंडी कॅबिनेटच्या आतून मग ब्लूटूथ हातभरही जात नाही. ब्लूटूथ डोंगल यूएसबी ३ च्या भोकाशेजारी असेल, आणि त्या भोकात हार्ड डिस्क चालू असेल, तर त्या भोकातून निघणारा गोंगाट नेमका याच पट्ट्यात पडतो. मीटरभर लांबीच्या यूएसबी एक्स्टेंशन वायरने डोंगल टेबलावर आणून ठेवला की हा दोष बहुतेक वेळा जातो. घरच्या वाय-फायवर संगणकाला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा द्यावा, म्हणजे दोघांची गर्दी टळते.

काल चालणारी जोडणी आज अचानक बंद पडली असेल तर आधी फोनचे ब्लूटूथ बंद करावे, मग यंत्रे बंद-चालू करावीत, मग आवाज बाहेर पाठवण्याच्या यादीत यंत्रच निवडलेले आहे ना हे पाहावे, कारण विंडोजच्या अपडेटनंतर किंवा नवा मॉनिटर जोडल्यावर ती निवड गुपचूप बदलते. एवढ्याने जमले नाही तर यंत्राचे नाव संगणकातून ‘रिमूव्ह डिव्हाइस’ करून नव्याने जोडावे. महत्त्वाच्या मुलाखतीच्या किंवा परीक्षेच्या दिवशी ही सारी पाहणी अर्धा तास आधी, त्याच ॲपमध्ये आणि कुणाशी तरी प्रत्यक्ष बोलून करावी, आणि गळ्यातला लूप किंवा स्ट्रीमरची वायर टेबलावर हाताशी ठेवावी.